सगळ्या उत्तरांचा एकच जनरेटर

"दळण आणायचं इसरलात, हे खरं हाय का?" आमची मंडळी विचारते.

"हे खरे नाही," माझ्या तोंडून सवयीनं जातं.

"मग पीठ कुठं हाय?"

"प्रश्न उद्भवत नाही."

मग पिठाचा रिकामा डबा ओट्यावर आदळतो आणि मी मुकाट पिशवी उचलून गिरणीची वाट धरतो. रिटायर झालो, निरोपाची शाल मिळाली, नारळ फोडून खाल्लासुद्धा, पण जीभ अजून ऑफिसातच बसलेली आहे.

मी मूळचा बेंबळीचा. घरात थोडं रान आणि मेंढरं. वडील म्हणायचे, "पोरा, सरकारी नोकरी कर, सावलीत बसायला मिळंल." सावली मिळाली, पण तिच्यात जे टेबल मिळालं त्याला ऑफिसात कुणी हात लावत नसे. धाराशिव जिल्ह्यातलं आरोग्याचं एक ऑफिस, आणि माझं टेबल विधिमंडळाचं. म्हणजे आमदारांनी सभागृहात आरोग्याबद्दल प्रश्न विचारला की त्याचं उत्तर कच्चं लिहून द्यायचं. लोकांना वाटतं मंत्री उत्तर देतात. मंत्री वाचतात हो! लिहितो कुठल्या तरी जिल्ह्यातला एखादा भाऊसाहेब, पंख्याखाली, कागदांवर पेपरवेट ठेवून.

हे काम कसं चालतं ते जरा सांगतो, कारण आमच्या जावईबापूंनाही ते अजून नीट कळलेलं नाही. प्रश्न ठरलेल्या साच्यात येतो. एक, अमुक गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तमुक गोष्ट नाही, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, असल्यास, त्यात काय आढळून आले? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरही ठरलेल्या साच्यात जातं. एक, हे खरे नाही. दोन, तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही. झालं! पहिल्या खिळ्यावर हातोडा बसला की बाकीचे तीन ठोकावेच लागत नाहीत.

प्रश्न मुंबईहून निघतो, पुण्याला टेकतो, लातूरला थांबतो आणि आमच्याकडं येतो. वर लाल अक्षरात लिहिलेलं असतं, 'अत्यंत तातडीचे, आज दुपारी तीनपर्यंत'. तो आमच्या हातात पडतो साडेचारला. एकदा तर प्रश्नातलं गाव आमच्या जिल्ह्यातलंच नव्हतं. मी लिहिलं, 'सदर गाव या जिल्ह्यात नाही.' वरून कागद परत आला, 'तरीही माहिती सादर करावी.' मी काय सादर करणार, कपाळ?

पण उगाच बोटं मोडत बसत नाही. या धंद्यातली एक गंमत मला लवकर कळली. सरकार 'हे खरे नाही' म्हणणार हे ठरलेलं. पण धडधडीत खोटं कसं लिहायचं? म्हणून प्रश्न आला की उत्तर जायच्या आत, जे खरं असेल ते खरं राहू द्यायचं नाही. एका गावाबद्दल प्रश्न आला, 'वैद्यकीय अधिकारी मुख्यालयी राहत नाहीत, हे खरे आहे काय?' आमचे साहेब गाडी काढून तिथं गेले. डॉक्टरच्या क्वार्टरमध्ये शिपायानं कडबा भरला होता आणि वर कोंबड्या अंड्यावर बसलेल्या. संध्याकाळपर्यंत कडबा बाहेर, कोंबड्या बाहेर, डॉक्टर आत. खाटेवर बसलेल्या डॉक्टरचा फोटो काढला आणि मी लिहिलं, 'हे खरे नाही.' ते डॉक्टर पुढं तिथंच रमले. अंडी मात्र शेवटपर्यंत शिपायाच्याच घरी जात राहिली.

सांगायचा मुद्दा काय, तर प्रश्न हे औषधच होतं. ज्या केंद्राला प्रश्न लागू झाला ते बरं व्हायचं. ज्याला नाही लागला ते बिचारं कण्हत पडायचं. अर्जांवर अर्ज करून जे होत नव्हतं ते आमदारांच्या एका 'काय?'मुळं व्हायचं. ह्याची मला मौज वाटायची, आणि खरं सांगतो, रागही यायचा.

आता जनरेटरचं सांगतो. गावांची आणि माणसांची नावं बदललीत. चिंचखोरी आणि उंबरपट्टी नकाशावर शोधत बसू नका.

चिंचखोरीच्या केंद्रात सुमन सिस्टर होत्या. बाळंतपणात हात असा की परंड्याला दिलेल्या लेकी माहेरपणाला आल्या की मोठा दवाखाना सोडून सिस्टरकडं जायच्या. बाईंची एकच मागणी होती, जनरेटर. लाईट गेली की बाळ ऊबेला ठेवायचं मशीन बंद, नाकातोंडातलं पाणी ओढायचं मशीन बंद. त्या दर महिन्याला ऑफिसात यायच्या, माझ्या टेबलासमोर स्टूल ओढून बसायच्या.

"भाऊसाहेब, आमच्या जनरेटरचं काय झालं?"

"प्रस्ताव वर गेलाय, सिस्टर."

"वर म्हंजी कुठवर? पाऊस तरी त्याच्या आधी खाली येतो की."

ऑफिसच्या भांडारात एक जनरेटर होता. हिरवा, चाकांवरचा, चांगला धडधाकट. कुणाला द्यायचा हे ठरत नव्हतं म्हणून कुणालाच दिला नव्हता. दसऱ्याला ड्रायव्हर लोकांनी गाड्यांबरोबर त्याचीही पूजा केली. हळदीकुंकू लावलं, झेंडूचं घसघशीत तोरण बांधलं, नारळ फोडला.

दसरा झाला आणि हिवाळी अधिवेशनाचे प्रश्न आले. त्यात आमच्या भागातल्या आमदारांचा एक. 'चिंचखोरी व उंबरपट्टी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत वीज गेल्यास पर्यायी व्यवस्था नाही, हे खरे आहे काय?'

साहेबांनी मला बोलावलं. साहेब स्वतः लहान मुलांचे डॉक्टर. माणूस वाईट नव्हता, पण खुर्चीत बसल्यापासून त्यांनी मुलांपेक्षा फायलीच जास्त तपासल्या होत्या.

"भाऊसाहेब, जनरेटर चिंचखोरीला पाठवा. फोटो काढा."

"आणि उंबरपट्टीला, साहेब?"

"तोच. परवा."

तर तो जनरेटर पिकअपमध्ये चढून चिंचखोरीला गेला, तिथं फोटो काढला, मग उंबरपट्टीला गेला, तिथं काढला, आणि भांडारात परत आला. मी लिहिलं, 'हे खरे नाही.' सिस्टरनं चिंचखोरीत त्याला कुंकू लावून ओवाळलं होतं म्हणे. परत न्यायला गाडी आली तेव्हा त्या आत निघून गेल्या. पुढच्या महिन्यात माझ्या टेबलाकडं आल्याच नाहीत. त्या स्टुलाकडं बघून मला चुकल्यासारखं व्हायचं.

आणि मग आमच्याच कुण्या हौशी प्राण्यानं दोन्ही फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. 'आपला विभाग, आपला अभिमान' असं लिहून! ग्रुपवरून ते गावात, गावातून आमदारांच्या फोनवर. दोन्ही फोटोंत तेच वाळकं झेंडूचं तोरण! देवाचं तोरण काढणार कोण? ड्रायव्हर म्हणाले आम्ही न्हाय, भांडारवाले म्हणाले आम्ही न्हाय. सभागृहात मंत्र्यांनी 'हे खरे नाही' म्हणून वाचलं, आणि आमदारांनी विचारलं, "अध्यक्ष महोदय, दोन गावांतल्या दोन जनरेटरांना एकाच झाडाची फुलं कशी?" सभागृह हसलं. मंत्री म्हणाले, समिती पाठवून पाहणी करू.

ते मी ऑफिसातल्या टीव्हीवर बघत होतो. चहा तसाच ठेवून साहेबांकडं पळालो.

समिती यायची ठरली संक्रांतीच्या पुढं. अध्यक्षा दुसऱ्या जिल्ह्यातल्या आमदार, त्यांना सगळे ताईसाहेब म्हणत. सकाळी चिंचखोरी, दुपारी उंबरपट्टी, एकाच दिवशी. दुसरा जनरेटर मागितला तर वरून उत्तर आलं, निधीच्या उपलब्धतेनुसार विचार करण्यात येईल. ते वाक्य मीच अनेकांना लिहून पाठवलं होतं. आपल्यालाच कुणी पाठवलं की कसं लागतं ते त्या दिवशी कळलं.

तेव्हा साहेबांनी डोकं चालवलं. तोरण काढलं. जनरेटरची एक बाजू होती तशी हिरवी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला निळा ऑइलपेंट मारला. चिंचखोरीत हिरवी बाजू पुढं, निळी भिंतीकडं. मधल्या जेवणाच्या वेळात पिकअपनं जनरेटर उंबरपट्टीला न्यायचा आणि तिथं निळी बाजू पुढं. जेवणाला ढोकीच्या बाजूला एका रानात हुरडा ठेवला.

"भाऊसाहेब," साहेब म्हणाले, "हुरडा शक्य तितका लांबवू. लसणाची चटणी, गूळ, दही, सगळं एकदम काढायचं नाही. थोडं थोडं येऊ द्यायचं. तेवढ्यात तुम्ही जनरेटर हलवा."

"साहेब, पेंट वाळंल का?"

"थंडीच्या दिवसांत पेंट वाळतो हो," साहेब म्हणाले. ते बालरोगतज्ज्ञ होते, पेंटर नव्हते.

सकाळी चिंचखोरीत सगळं झकास झालं. ताईसाहेबांनी जनरेटर सुरू करून बघितला, मान डोलावली. सिस्टर दारात उभ्या होत्या, तोंडावर काही नाही. आत एक बाई बाळंतपणाच्या कळा देत होती म्हणून समितीनं आत डोकावलं नाही, बाहेरूनच हात जोडले. गाड्या हुरड्याकडं गेल्या. मी मागं थांबलो, कारण पिकअप थोडी मागं लपवून ठेवली होती, शाळेच्या पलीकडं. ड्रायव्हर दत्ताला फोन केला, तो येईपर्यंत मी रस्त्यावर उभा राहिलो, बराच वेळ गेला. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले, एकापुढं एक. चिंचखोरीतून बाहेर पडायला आणि आत यायला तो एकच रस्ता.

गाडी आली तेव्हा गावातली लाईट गेली होती आणि जनरेटर धडधडत होता. त्याच्यासमोर, जमिनीवर मांडी घालून, एक म्हातारी बसलेली. बाळंतिणीची आई.

"आजी, जरा बाजूला सरका," दत्ता म्हणाला. "जनरेटर न्ह्याचाय."

"कुठं?"

"उंबरपट्टीला."

"कशाला?"

दत्तानं माझ्याकडं बघितलं. मला आयुष्यात इतक्या प्रश्नांची उत्तरं सुचली, पण 'दाखवायला' हे म्हातारीला सांगायला जीभ उचलेना. मी म्हणालो, "आजी, साहेबांचा हुकूम हाय."

"मग साहेबाला म्हणावं, मला बी उचलून ने संगं," म्हातारी म्हणाली आणि पदर खोचून आणखी पसरून बसली.

तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत धुतलेले, कपाळावर घाम. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या नाहीत.

"भाऊसाहेब, चपला काढा आन आत या."

"सिस्टर, माझं ऐका..."

"आधी बघा. मग न्या. म्या आडवी येत न्हाय."

मी आत गेलो. ऊबेच्या मशीनखाली एक पोरगी ठेवली होती. नुकती जन्मलेली, वेळेच्या आधी. एवढीशी, बारीक, तोंड लाल. श्वास घेताना तिचं अख्खं पोट आत जात होतं. मशीनचा पिवळा उजेड तिच्यावर पडलेला, आणि बाहेरच्या जनरेटरच्या धडधडीबरोबर तो उजेड जरासा थरथरत होता.

"रडली न्हवती," सिस्टर हळू म्हणाल्या. "पाणी ओढलं तवा रडली. रुग्णवाहिका बोलावलीय, पर ती परंड्याकडं गेलीय. तवर हिला ऊब पायजे. आता सांगा, जनरेटर बंद करू?"

मला माझी नात आठवली. मी बाहेर आलो आणि दत्ताला म्हणालो, "गाडी वळव."

"आन जनरेटर?"

"जनरेटर ऱ्हाऊ दे."

साहेबांना फोन लावला. मागून हुरडा भाजणाऱ्याचा आवाज येत होता, ताईसाहेब कशावर तरी हसत होत्या.

"साहेब, जनरेटर हलत न्हाय. बाळ हाय मशीनखाली."

मग साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "वजन किती आहे?"

"जनरेटरचं?"

"बाळाचं हो!"

सिस्टरनं सांगितलं ते मी सांगितलं. साहेब म्हणाले, "जनरेटरला हात लावू नका." आणि लगेच रडकुंडीला आले, "पण मग मी उंबरपट्टीत काय दाखवू? हुरडा संपत आला. चटणी तर केव्हाच संपली."

तेव्हा मला सुचलं. ढोकीत गफूरभाई मंडपवाले. लग्न, बारसं, दहावा, कशालाही मंडप, लाईट, जनरेटर सगळं पुरवणारे. दत्ताला घेऊन सुटलो. ट्रॅक्टर चुकवत, बांधावरून एक चाक घालत ढोकी गाठली. गफूरभाई म्हणाले, "भाऊसाहेब, सरकारी काम हाय, फिकीर करू नका. देतो. पर टायमात सोडा." आणि पोरांना घेऊन स्वतःच पिकअपमध्ये चढले.

आम्ही उंबरपट्टीला पोचलो तेव्हा समितीच्या गाड्याही पोचत होत्या. मध्ये उसाची एक ट्रॉली, तिच्या पुढं आम्ही, मागं ताईसाहेब. असं चित्र कुठं बघायला मिळणार नाही. जनरेटर उतरवला, केंद्राच्या भिंतीशी लावला. गडबडीत गफूरभाईच्या पोरांनी सवयीनं लाईटच्या माळाही जोडल्या. साहेब म्हणाले, "ताईसाहेब, ही इथली पर्यायी व्यवस्था," आणि खूण केली. जनरेटर सुरू झाला, आणि केंद्राच्या दारावर लाल, हिरवे, पिवळे दिवे लुकलुकायला लागले. जनरेटरच्या अंगावर मोठ्या अक्षरात 'शुभमंगल' लिहिलेलं.

ताईसाहेब जवळ गेल्या, चष्मा सारखा केला.

"ही व्यवस्था इथं कायम असते?"

साहेबांनी तोंड उघडलं. पण गफूरभाई त्यांच्या आधी बोलले. ते हातातली पगडीसारखी गुंडाळलेली वायर खांद्यावर टाकत पुढं आले, आणि अदबीनं म्हणाले, "ताईसाहेब, जल्दी बघून घ्या. सांजच्याला बेंबळीत हळद हाय. नवरदेव अंधारात बसंल."

आधी ताईसाहेब हसल्या. मग समितीतले बाकीचे. मग, काय सांगू, आमचे साहेबसुद्धा हसले, पण ते हसणं रडण्याच्या अगदी शेजारचं होतं.

ताईसाहेब हसायच्या थांबल्या. "सकाळचा तो हिरवा कुठंय?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. बहुतेक माझ्या चपलांना चिंचखोरीची लाल माती होती म्हणून असेल.

"चिंचखोरीतच हाय, ताईसाहेब," मी म्हणालो. "आज तो तिथून हलला न्हाय."

"चला," त्या म्हणाल्या.

चिंचखोरीत लाईट अजून आली नव्हती. जनरेटर चालू होता, म्हातारी तशीच बसून होती, फक्त आता तिच्या हातात चहाची बशी होती. ताईसाहेब जनरेटरभोवती फिरल्या. भिंतीच्या बाजूला वाकून हात टेकला. हात परत आला तो निळा! त्यांनी तळवा बघितला, साहेबांकडं बघितलं. साहेबांनी खिशातला रुमाल पुढं केला.

"हा जनरेटर कुणाचा आहे?" ताईसाहेबांनी विचारलं.

खरं तर याचं उत्तर माझ्या टेबलावर तयार असायला पाहिजे होतं. भांडाराचा, चिंचखोरीचा, उंबरपट्टीचा, निधीच्या उपलब्धतेनुसार. सिस्टरनं दारातून उत्तर दिलं.

"आज तरी ह्या पोरीचा हाय."

साहेब आत गेले. आम्ही दारातून बघत होतो. त्यांनी कोट काढला, हात धुतले, पुन्हा धुतले. मग वाकून त्या पोरीला तपासलं. तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी त्यांनी तो स्वतःच्या तळहातावर घासून कोमट केला. इतक्या वर्षांत साहेबांचे हात फक्त सही करताना बघितले होते. मला त्या वेळी त्यांचा राग येईना.

रुग्णवाहिका आली, पोरगी आणि आई मोठ्या दवाखान्यात गेल्या. साहेब स्वतः त्या गाडीत बसले. जाताना खिडकीतून म्हणाले, "भाऊसाहेब, जनरेटर इथंच राहील. ऑर्डर उद्या काढा." आणि गाडी हलली तसं पुन्हा ओरडले, "आणि तो प्रश्न परत आला, तर जे आहे ते लिहा!"

प्रश्न परत येणार नाही असं होतंय होय! अर्थसंकल्पी अधिवेशनात आमदारांनी तोच प्रश्न उंबरपट्टीपुरता पुन्हा टाकला. मी कागद समोर घेतला आणि लिहिलं, 'एक, हे खरे आहे.' लिहिलं आणि घाबरलो. कारण अख्ख्या नोकरीत दोन, तीन आणि चार यांची उत्तरं मी कधी लिहिलीच नव्हती! 'प्रश्न उद्भवत नाही' म्हणून सुटत आलो होतो. आता प्रश्न उद्भवला होता. चौकशी केली काय, काय आढळलं, विलंब का झाला, सगळं लिहायचं. बसलो लिहायला. तेवढे कागद मी दहावीच्या परीक्षेतही भरले नव्हते.

संध्याकाळी लातूरहून फोन. "भाऊसाहेब, पहिल्या उत्तरात 'नाही' राहून गेलंय का?"

"राहून गेलं न्हाय. लिहिलंच न्हाय."

थोड्या वेळानं पुण्याहून. "टायपिंगची चूक आहे का?"

"न्हाय साहेब. टायपिंग बरोबर हाय, बाकी सगळं चुकलंय."

मग मुंबईहून एका बाईंचा फोन आला. त्यांनी चूक विचारली नाही. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, असं उत्तर ठेवायचं कुठं? अशा उत्तराची आमच्याकडं फाईलच नाही." मी म्हणालो, नवीन काढा. त्यांनी काढली असावी, कारण मंत्र्यांनी ते उत्तर जसंच्या तसं वाचलं. उंबरपट्टीसाठी नवा जनरेटर मंजूर झाला. साहेबांची बदली झाली. कुठं ते सांगत नाही, पण तिथं ते आठवड्यातून एक दिवस मुलांची ओपीडी करतात असं कानावर आलं, आणि मला लई बरं वाटलं.

गोष्ट इथं संपली असती तर आमच्या खात्याची कसली?

पुढच्या हिवाळ्यात, माझ्या नोकरीचे शेवटचे महिने राहिलेले. नवे साहेब आलेले. नवा प्रश्न आला, आता तिसऱ्याच एका केंद्राबद्दल. तिथं लाईट गेल्यावर काही व्यवस्था नाही, हे खरे आहे काय? उंबरपट्टीचा मंजूर जनरेटर अजून मंजूरच होता. नव्या साहेबांनी फाईल चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"भाऊसाहेब, चिंचखोरीत एक जनरेटर आहे ना? दोन दिवसांसाठी आणा. फोटो काढू आणि परत देऊ."

मी म्हणालो, "साहेब, तो अनुभव..." ते म्हणाले, "आणा हो."

पिकअप घेऊन गेलो. सिस्टर अंगणातच होत्या. गाडी बघून त्यांनी कमरेवर हात ठेवले.

"न्यायला आलात व्हय?"

"हुकूम हाय, सिस्टर."

"न्या की. कोण नको म्हणतंय?" त्या हसल्या. "त्यो बघा तिथं हाय."

केंद्राच्या मागं विटांची एक नवी खोली होती. गावानं बांधलेली. कुणी विटा दिल्या, कुणी वाळू, गवंडी गावातलाच. आत जनरेटर, पायाला सिमेंटचा कट्टा, चाकं कट्ट्यात गाडलेली. खोलीला दोन बाजूंनी लोखंडी जाळी आणि पुढं एक दार. मी दाराकडं बघितलं. मग जनरेटरकडं. मग परत दाराकडं. दार माणसापुरतं होतं. त्यातून जनरेटर निघणं शक्यच नव्हतं! आधी तो ठेवून मग भोवती भिंती उचललेल्या.

दाराच्या उंबऱ्यावर एक पोरगी बसली होती. गुटगुटीत, तोंडाला पेरू लागलेला. मागून तीच म्हातारी आली आणि तिनं मला ओळखलं.

"उचला की आता," म्हातारी म्हणाली. "आता म्या बी मधी बसले न्हाय."

दत्ता गाडीला टेकून पोट धरून हसत होता. मी सिस्टरना म्हणालो, "आवो, पर उद्या बिघडला तर बाहेर कसा काढणार?"

"बिघडला तर मिस्त्री आत जाईल. त्येला दार पुरतंय," सिस्टर म्हणाल्या. "तुमचा साहेब बी आत जाईल. फोटो काढायचा तर इथं येऊन काढा म्हणावं. चहा देऊ."

मग त्यांनी स्टूल आणलं, माझ्यासमोर ठेवलं, आणि मला बसायला सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या उभ्या होत्या आणि मी स्टुलावर. चहा घेतला. पोरगी माझ्या चष्म्याला हात घालत होती.

रिकामी पिकअप घेऊन ऑफिसात आलो. नव्या साहेबांना सांगितलं, जनरेटर निघत नाही, दार लहान आहे. ते म्हणाले, "मग आता उत्तर काय लिहिणार?" मी टेबलाशी बसलो, कागद घेतला आणि लिहिलं, 'एक, हे खरे आहे.' आणि न थांबता दोन, तीन, चार लिहीत गेलो. संध्याकाळपर्यंत फोनकडं बघत बसलो. या खेपेला टायपिंगची चूक झाली का म्हणून लातूरहून कुणीच विचारलं नाही.